दोन लाख रुपये, दीडशे माणसं: कमी खर्चातल्या लग्नाची तयारी कुठून सुरू करायची?

लग्न ठरलं की बहुतेक घरांतून पहिला फोन कार्यालयाला जातो. तारीख मिळाली की ॲडव्हान्स, मग पत्रिका, मग कपडे. माणसं किती येणार हा विचार अगदी शेवटी. खर्च हाताबाहेर जातो तो या उलट्या क्रमामुळे. हा लेख महाराष्ट्रात साधारण दोन लाखांत लग्न करू पाहणाऱ्यांसाठी आहे. खालचे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. तुमच्या गावचे दर वेगळे असतील, हिशेबाची रीत मात्र तीच. सोनं या रकमेत धरलेलं नाही.

१. बैठकीतच आकडा बोलून टाका

याद्या करायला दोन्हीकडची मंडळी बसतात तेव्हा मानपान, देणंघेणं, कोण कुठे उतरणार, सगळं बोललं जातं. फक्त "एकूण किती खर्च करायचा" हे कोणी विचारत नाही. ते मुलाने आणि मुलीने विचारावं. मोठ्यांना अवघड जातं, तुम्हाला जाऊ नये. कोण किती देणार हे त्याच बैठकीत कागदावर आलं पाहिजे. माझ्या मते निम्मे-निम्मे हा सगळ्यात स्वच्छ मार्ग. "मुलीकडच्यांनी लग्न करून द्यायचं" ही रीत चालू ठेवायची असेल तर काटकसरीच्या गप्पा मारण्यात अर्थ नाही, कारण काटकसर मग एकाच घराने करायची असते.

ठरलेल्या रकमेतले दहा टक्के बाजूला काढून ठेवा. त्यांना वरखर्च म्हणा आणि लग्नाच्या आठवड्यापर्यंत हात लावू नका. पाकिटांतून येणारा आहेर जमेला धरू नका. तो येईल तेव्हा येईल. आणि लग्नासाठी पर्सनल लोन काढू नका. संसाराचं पहिलं वर्ष हप्त्यांत जातं.

हुंड्याबद्दल एकच वाक्य: १९६१च्या कायद्याने देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा आहे, बैठकीत तो कोणत्याही गोड नावाने समोर आला तरी.

२. यादी, आणि पुन्हा यादी

लग्नाचा खर्च दोन प्रकारचा असतो. कार्यालयाचं भाडं, गुरुजी, फोटोग्राफर, नवरा-नवरीचे कपडे हे शंभर माणसं असली काय किंवा दोनशे असली काय, फारसे बदलत नाहीत. ताट, पाणी, पत्रिका, पाहुण्यांची गाडी, हातात द्यायची भेट हे माणशी वाढतात. समजा ताट ३५० रुपयांचं आणि बाकी सगळं मिळून माणशी ५०. दीडशे माणसांचे ६० हजार होतात, तीनशेंचे १ लाख २० हजार. दोन लाखांतले वरखर्चाचे २० हजार काढले की पहिल्या हिशेबात बाकी सगळ्याला १ लाख २० हजार उरतात, दुसऱ्यात ६० हजार. शिवाय तीनशे माणसांना कार्यालयही मोठं लागतं. त्यामुळे फुलांत हजार आणि पत्रिकेत पाचशे वाचवत बसण्यापेक्षा यादीवर दोन संध्याकाळी घालवलेल्या बऱ्या.

यादी करताना तीन कागद घ्या. पहिल्यावर ज्यांच्याशिवाय अक्षता पडणार नाहीत अशी माणसं. दुसऱ्यावर आली तर मनापासून आनंद होईल अशी. तिसऱ्यावर "त्यांनी आपल्याला बोलावलं होतं" या एकाच कारणासाठी आलेली. तिसरा कागद नीट वाचून बाजूला ठेवायचा. बाबांच्या ऑफिसातला अख्खा विभाग, सोसायटीचे चारही मजले, आईच्या भिशीतल्या सगळ्याजणी बहुधा इथेच सापडतात.

यावरून रुसवेफुगवे होणारच. ते कमी करायचा एक उपाय हमखास चालतो: कळण्याआधी कळवायचं. "लग्न अगदी घरगुती करतोय, तुम्हाला भेटायला आम्ही दोघं नंतर येऊ," असा फोन नवऱ्याने किंवा नवरीने स्वतः करायचा. व्हॉट्सॲप पुरत नाही. आणि नंतर खरंच पेढे घेऊन जायचं. केळवणाला बोलावणारे नातेवाईक असतातच. जी घरं यादीत बसली नाहीत त्यांचं केळवण आधी स्वीकारा, अर्धी नाराजी तिथेच मिटते.

दोन्हीकडची माणसं सारखी असावीत हा आग्रह मला पटत नाही. एका घरात सात मावश्या असतात, दुसऱ्या घरात एकच काका. त्यापेक्षा ठरलेल्या संख्येवर ज्यांची माणसं जास्त, त्यांनी त्या ताटांचे पैसे द्यावेत. यादी आपोआप आखडते.

३. तारीख आणि वेळ

तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात आणि मे महिन्यात, शाळांच्या सुट्टीत, कार्यालयांचे भाव सगळ्यात चढे असतात. दाट तिथीला घासाघीस होत नाही. त्याच कार्यालयाला मधल्या वारी, तिथी नसलेल्या दिवशी विचारा, बोलण्याचा सूर बदललेला दिसेल. मुहूर्त हवाच असेल तर गुरुजींकडून काढीव मुहूर्त, म्हणजे तुमच्यासाठी खास काढलेला, घेता येतो. चातुर्मासातही चालतील असे गौणकालातले, म्हणजे अडचणीला चालणारे दुय्यम, मुहूर्त बऱ्याच पंचांगांत दिलेले असतात. आजी-आजोबांची तयारी असेल तर पावसाळ्यातलं लग्न सगळ्यात स्वस्त पडतं. फक्त जागा पूर्ण छताखालची हवी.

वेळेवर जेवणाची संख्या ठरते, हे फार थोडे जण लक्षात घेतात. आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन, सकाळी हळद आणि नाश्ता, दुपारी लग्न, रात्री रिसेप्शन असं केलंत तर एका लग्नात चार पंगती उठतात. साडेअकरा-बाराच्या मुहूर्तावर एकच जेवण. हळद आपापल्या घरी. साखरपुडा वेगळा न करता त्याच दिवशी सकाळी. आपल्याकडे यादी पे शादी, म्हणजे याद्या झाल्या की लगेच लग्न, ही जुनी, प्रतिष्ठित सोय आहे. ती वापरताना कुणी लाजू नये.

४. कायद्याचा भाग आधी समजून घ्या

"रजिस्टर लग्न" म्हणताना लोक दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात आणि ऐन वेळी अडकतात. वयाची अट दोन्हींना सारखी: मुलगा २१ पूर्ण, मुलगी १८ पूर्ण.

पहिला मार्ग विधी करून लग्न लावायचा आणि मग त्याची नोंदणी करायची. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. इथे लग्न होतं ते विधींनी, नोंदणी हा त्याचा पुरावा. विधी न करता नुसतं प्रमाणपत्र मिळवलं तर तो हिंदू विवाह ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. महाराष्ट्रात ही नोंदणी १९९८च्या राज्य कायद्याखाली ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेच्या विवाह निबंधकाकडे होते. नमुना ड भरायचा, दोघांच्या आणि तीन साक्षीदारांच्या सह्या, लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही. मुदत लग्नापासून ९० दिवसांची. गुरुजींची सही लग्नाच्या दिवशीच घेऊन ठेवा, नंतर ते सीझनमध्ये सापडत नाहीत.

दुसरा मार्ग विशेष विवाह कायदा १९५४ चा. धर्म कोणताही असो, विधी नको असले तरी चालतं. दोघांपैकी एकजण ज्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहत आहे, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. महाराष्ट्रात नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरून ती भरता येते. नोटीस कार्यालयात लावली जाते, ३० दिवसांत कायदेशीर हरकत आली नाही तर लग्न लावता येतं. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस बाद होते, पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे महिनाभर थांबल्यावर हातात साधारण दोन महिने उरतात. कार्यालयाची तारीख त्यात बसवा.

या कायद्यातली एक तरतूद फारशी कुणाला ठाऊक नसते. लग्न अधिकाऱ्याच्या कार्यालयातच लागलं पाहिजे असं नाही. जादा शुल्क भरून, वाजवी अंतरावर, तुम्ही सांगाल त्या जागी ते लावता येतं. विधी कोणताही चालतो. फक्त अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांचा पती आणि पत्नी म्हणून स्वीकार केल्याचं वाक्य, दोघांना कळेल अशा भाषेत, म्हणावं लागतं. मराठीत, आजीच्या अंगणात, साठ माणसांसमोर. अधिकाऱ्याची वेळ मिळते का हे नोटीस देतानाच विचारून घ्या.

पुरोहिताशिवाय साधं लग्न ही काही आजची टूम नाही. सत्यशोधक समाजाने ते १८७३ मध्येच लावून दाखवलं होतं.

जाता जाता सरकारी मदतीचं. जोडीदारांपैकी एकजण अनुसूचित जाती, जमाती किंवा विमुक्त-भटक्या प्रवर्गातला असलेल्या आंतरजातीय लग्नाला समाजकल्याण विभागाकडून ५० हजार रुपयांचं अनुदान असतं. शेतकरी आणि शेतमजुरांच्या मुलींसाठी शुभमंगल सामूहिक/नोंदणीकृत विवाह योजना आहे, चौकशी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करायची. दोन्हींच्या अटी लग्नाआधी वाचा.

५. जागा

दीडशे माणसांना झुंबरवालं कार्यालय लागत नाही. ज्ञातिसंस्थेचा हॉल, देवस्थानाचं भक्तनिवास, सोसायटीचा हॉल, मेमध्ये रिकामं असलेलं शाळेचं सभागृह, गावाकडच्या वाड्याचं अंगण, सगळीकडे चौकशी करा. पुण्याच्या आसपासची मंडळी आळंदीला जातात. तिथे धर्मशाळा, गुरुजी, जेवण असं सगळं एका जागी जमून येतं. मात्र लग्न आळंदीत लागलं तरी वर सांगितलेली नोंदणी वेगळी करावीच लागते.

भाडं सांगितलं की लगेच हो म्हणू नका. भांडी त्यात आहेत का? वीज मीटरप्रमाणे की ठोक, आणि जनरेटरचं डिझेल कोणाचं? सफाईचे वेगळे घेतात का? जीएसटी धरून सांगितलं की सोडून? हॉल किती वाजता ताब्यात मिळणार आणि किती वाजता सोडायचा? सगळ्यात महत्त्वाचं, आपला आचारी आणलेला चालतो का. काही कार्यालयं त्यांचाच केटरर सक्तीचा करतात, किंवा बाहेरचा आणला तर त्याचे वेगळे पैसे लावतात. मग स्वस्त भाडं महागात पडतं. उत्तरं पावतीच्या मागे लिहून घ्या आणि मॅनेजरची सही घ्या. तारीख रद्द झाली तर किती परत मिळणार, हेही तिथेच.

६. जेवण: इथे डोकं लावा

दोन पद्धती आहेत. एक, केटररला ताटावर कंत्राट. दोन, आचारी मजुरीवर बोलवायचा, तो किराणा-भाजीची यादी देतो, सामान आपण आणायचं. दुसरी पद्धत दीडशे माणसांना बरीच स्वस्त पडते, पण तिला घरातलं एक खमकं माणूस लागतं: होलसेलात किराणा उचलणारं, पहाटे मंडईत जाणारं, गॅस सिलिंडर आणि दुधाची वेळ सांभाळणारं. असा मामा किंवा आत्या घरात असेल तर डोळे मिटून हीच पद्धत घ्या. नसेल तर कंत्राट द्या. नवरीच्या आईवर हे काम टाकायचं नाही, हे सांगायला लागू नये. तरी सांगतो.

कंत्राट देताना किमान ताटांची संख्या ठरते. ती अंदाजापेक्षा दहा-पंधरा टक्के कमी लिहा आणि वरच्या ताटांचा दर आधीच ठरवा. पानं कमी बसली तरी किमान ताटांचे पैसे जातातच, वाढली तर मोजून देता येतात. मोजायचं कसं, हा भांडणाचा मुद्दा. सोपी युक्ती अशी: जेवण सुरू होण्यापूर्वी आपला एक माणूस केटररच्या माणसाबरोबर ताटांच्या थप्प्या मोजतो, पन्नास-पन्नासच्या. आकडा दोघं कागदावर लिहितात. शेवटची पंगत उठली की न वापरलेली ताटं मोजायची आणि वजाबाकी करायची. मधे धुऊन ताटं परत थप्पीत येणार नाहीत, एवढं बघायला एखादा बारावीतला चुलतभाऊ बसवा. त्याला महत्त्वाचं काम मिळाल्याचा आनंद होतो आणि तो जागचा हलत नाही.

थर्माकोलची ताटं-वाट्या सुचवल्या गेल्या तर नको म्हणा. महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. स्टील घ्या, नाहीतर पत्रावळ.

पदार्थांच्या संख्येने जेवण महाग होतं आणि चवही बिघडते. पनीरची भाजी, चायनीजचा कोपरा, दोन गोडं, आइस्क्रीम, वेलकम ड्रिंक यातलं काहीच लोकांच्या लक्षात राहत नाही. वरण-भात आणि वर घरचं तूप, मसालेभात, बटाट्याची सुकी भाजी, अळूचं फदफदं, काकडीची कोशिंबीर, पुऱ्या, कुरडई-पापड, भजी, मठ्ठा आणि गरम जिलबी. एकच गोड, पण समोर तळलेलं. तांदूळ दोन्ही भातांचा मिळून माणशी शंभर ग्रॅमच्या आसपास लागतो. आचाऱ्याने यादीत याच्या दीडपट लिहिला तर कारण विचारा.

पंगत की बुफे? जागा आणि वेळ असेल तर पंगत. साठ-साठच्या दोन पंगती आणि नवरा-नवरी, करवल्या, जवळची मंडळी यांची शेवटची तिसरी. पंगतीत वाढणारा हात आवरता येतो, अन्न कमी फुकट जातं. वाढपी कमी पडले तर भाचे-पुतणे आहेतच. फक्त वरण आणि मठ्ठा त्यांच्या हाती देऊ नका, शालू खराब होतात.

उरलेल्या अन्नाचं काय करायचं ते आदल्या दिवशीच ठरवा. जवळच्या आश्रमात किंवा वसतिगृहात फोन करून ठेवायचा, डबे तयार ठेवायचे.

७. मानपान

साड्यांची देवाणघेवाण हा निव्वळ बुडीत खर्च. पंचवीस साड्या इकडून तिकडे जातात, पंचवीस तिकडून इकडे, आणि त्यांतल्या वीस पुढच्या लग्नात फिरतात. विहिणींनी एकमेकींना एक-एक चांगली साडी द्यावी, बाकीच्यांना हळदीकुंकू आणि गजरा. हा निर्णय दोन्ही आयांनी एकमेकींशी बोलून घेतला तरच टिकतो, मुलांनी जाहीर केला तर टिकत नाही. पत्रिकेत "आहेर आणू नये" लिहायचं असेल तर मग घेऊही नये. ज्या भेटी येतील त्यांची यादी करून दोघांनी सह्या करून ठेवाव्यात. १९८५च्या नियमांनुसार ती ठेवणं अपेक्षितच आहे.

८. कपडे, दागिने, फोटो

आईची पैठणी नवऱ्या मुलीला शोभतेच. फॉल-पिको आणि नवा ब्लाउज एवढाच खर्च. शेरवानी भाड्याने घ्या, किंवा धोतर-उपरणं नेसा, ते पुढे सणावारी वापरात येतं. मंगळसूत्राला घरातलं जुनं सोनं मोडणार असाल तर वजन डोळ्यांसमोर करून घ्या, घडणावळ आधी विचारा आणि नव्या दागिन्यावर सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांक, आहे ना ते बघा. एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचा दागिना त्याशिवाय विकता येत नाही.

फोटोग्राफर दिवसाऐवजी चार तासांसाठी ठरवा. ड्रोन, प्री-वेडिंग, छापील अल्बम वगळा, सगळे फोटो पेनड्राइव्हवर मागा. अल्बम वर्षभराने करता येतो. एक मात्र करा: कॅमेऱ्यासमोर कोण कोण उभं राहिलंच पाहिजे त्याची यादी द्या, नाहीतर आजोबा एकाही फोटोत सापडत नाहीत.

सजावटीला आंब्याच्या डहाळ्या, केळीचे खुंट आणि झेंडू. वरातीला डीजे नको, सनईची ध्वनिफीत पुरते. तसंही रात्री दहानंतर स्पीकर लावता येत नाही.

९. लोकांच्या लक्षात काय राहतं

मंगलाष्टकं घरच्यांनी लिहावीत. पारंपरिक मंगलाष्टकं शार्दूलविक्रीडितात असतात, ओळीला एकोणीस अक्षरं. चाल सगळ्यांच्या कानात असतेच, त्यामुळे वृत्त न शिकलेली आत्याही दोन दिवसांत एक कडवं जमवते. नवरीने लहानपणी गॅलरीतून फेकलेली चप्पल, नवऱ्याचं तीनदा हुकलेलं ड्रायव्हिंग लायसन्स, पणजीचं गाव, हे सगळं त्यात येऊ शकतं. कडवी पाच-सहाच ठेवा, लोक अक्षता हातात धरून उभे असतात. माइक गाणाऱ्याच्या हातात द्या आणि आदल्या दिवशी एकदा म्हणून बघायला लावा. अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंनी हसू फुटलं की ते लग्न लोकांच्या बोलण्यात राहतं.

अक्षतांचा तांदूळ माणशी चिमूटभरच वाटा, किंवा फुलांच्या पाकळ्या. रुखवतात विकतच्या वस्तूंऐवजी दोन्ही घरांचे जुने फोटो मांडा. शेवटच्या पंगतीत नवरा-नवरीने जिलबी स्वतः वाढावी आणि उखाणे तिथेच व्हावेत. याला एक रुपयाही लागत नाही.

१०. आदला दिवस आणि नंतर

घरातलं एक शांत माणूस खजिनदार नेमा. आईवडील नकोत, त्यांना त्या दिवशी वेळ नसतो. गुरुजींची दक्षिणा, आचाऱ्याची उरलेली रक्कम, वाढपी, ड्रायव्हर, हॉलचा शिपाई अशी नावं लिहिलेली पाकिटं आदल्या रात्री भरून त्याच्याकडे द्या. पाकिटावर रक्कम आतून लिहा, बाहेरून नाही. ठरल्यापेक्षा जास्त मागणाऱ्याला त्याने एकच उत्तर द्यायचं: "माझ्याकडे एवढंच दिलंय."

नमुना डसाठी लागणारी दोघांची वयाची आणि पत्त्याची कागदपत्रं, तिन्ही साक्षीदारांच्या ओळखपत्रांच्या प्रती, पत्रिका आणि लग्नाचा एक फोटो एका फोल्डरमध्ये ठेवा. साक्षीदार गावातलेच निवडा. पुण्याच्या लग्नाला नागपूरचा मामा साक्षीदार घेतला तर सहीसाठी त्याच्या तिकिटाचा खर्च पुन्हा तुमच्याच डोक्यावर. प्रमाणपत्र हातात आलं की दोघांच्या नावांचं आणि तारखेचं स्पेलिंग तिथेच, खिडकीसमोर उभं राहून तपासा. पासपोर्टला आणि बँकेला तेच लागतं. दोन-तीन साक्षांकित प्रतींचा अर्जही त्याच फेरीत करून टाका.